साखरेच्या पाण्याचा वाटा

सोयाबीन निघून गेलं आणि तूर फुलावर आली की आमच्या गावातल्या काही बायका एका ठरलेल्या सकाळी काही न खाता लोहाऱ्याला जात. चहाही घेत नसत. तिथल्या एका मंगल कार्यालयात त्यांचं रक्त घेतलं जाई, कंबर मोजली जाई, रक्तदाब पाहिला जाई. वर्षभर काय खाल्लं, किती चालणं झालं, झोप कशी लागते, हेही विचारलं जाई. गाव त्या लोकांना ‘अभ्यासवाले’ म्हणायचं. ते औषध देत नसत. ज्यांची साखर असावी त्यापेक्षा वर गेली आहे, पण मधुमेह म्हणावा इतकी वर नाही, अशा माणसांचं पुढे काय होतं, हे वर्षानुवर्षं पाहत राहणं हेच त्यांचं काम होतं. काहींना मधुमेह होतो, काही आहेत तिथेच राहतात, थोडी माणसं परत खाली येतात. कोण कुठल्या वाटेने जातं आणि का, हा त्यांचा प्रश्न होता.

माझी आई आणि माझी चुलती, म्हणजे आईची धाकटी जाऊ, पहिल्या वर्षापासून त्यात होत्या. सुरुवातीला दोघींची अवस्था सारखीच होती. कंबर वाढलेली, रक्तदाब चढा, रक्तात चरबी जास्त आणि साखर, गावच्या भाषेत, बॉर्डरवर. दोघींनी एका घरात संसार केला, एका चुलीवर भाकरी थापल्या. वाटण्या झाल्या तेव्हा मधे भिंत घातली गेली, पण भिंतीत एक दार ठेवलं आणि ते दार मी कधी बंद पाहिलं नाही. चुलती आईला अक्का म्हणते आणि तुम्ही म्हणून बोलते. आई तिला तू म्हणते.

मी तेव्हा सोलापूरला एका वर्तमानपत्रात होते. शिबिराला मी त्यांच्यासोबत गेले ती नंतर. त्यामुळे आधीच्या वर्षांचा भाग दोघींकडून ऐकलेला आहे. वेगवेगळा विचारला, आणि दोन्ही हकिगती जुळतात.

पहिल्या वर्षी टेप घेऊन आलेल्या मुलीने चुलतीला पदर बाजूला घ्यायला सांगितलं. चुलतीने घेतला आणि म्हणाली, “माप घेतलंस, आता पोलकं शिवून दे.”

“कमरेच्या मापावर पोलकं कसं शिवंल ती?” आई मागून म्हणाली. “परकर माग.”

त्या मुलीला हसू आवरेना, आणि माप दोनदा घ्यावं लागलं. पुढच्या प्रत्येक वर्षी चुलती तिला विचारायची, “परकर आणलास का?”

आईला शिबिर आवडायचं. एकदा मी तिला विचारलं, यातून तुला काय मिळतं? ती म्हणाली, “समोर बसून इचारतात, झोप लागती का म्हणून. आजवर मला हे कुणी इचारलं?” मी तिची मुलगी.

शिबिरातला मुख्य भाग साखरेच्या पाण्याचा. उपाशीपोटी रक्त घेतलं की सिस्टर प्रत्येकीच्या हातात एक पेला देत. त्यात पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज विरघळवलेलं असे. ते पाच मिनिटांत संपवायचं, दोन तास जागेवर बसायचं, मग पुन्हा रक्त. एकदम आलेली एवढी साखर शरीर किती वेळात आवरतं, ते त्यातून कळतं. निरोगी शरीर दोन तासांत बरंचसं आवरतं. बॉर्डरवरच्या माणसाला ते जड जातं.

तिसऱ्या वर्षी चुलतीची साखर सीमा ओलांडून गेली. तिला मधुमेह झाला होता. गोळ्या सुरू झाल्या. अभ्यासातून तिचं नाव निघालं नाही, कारण सीमा ओलांडलेल्यांचं पुढे काय होतं, हेही त्यांना पाहायचं होतं. फक्त तिला साखरेचं पाणी देणं बंद झालं. आता त्याची गरज नव्हती, आणि त्यातून त्रास होण्याचा संभव होता. तिचं एकदाच रक्त घेत. मग ती मोकळी. पण परतीची जीप दोघी मिळूनच धरायच्या, म्हणून ती सतरंजीवर आईच्या शेजारी दोन तास बसून राहायची.

घरात तिचं गोड बंद झालं. तिच्या मुलाने ते काम अंगावर घेतलं. त्याच्या सासऱ्यांचा पाय साखरेपायी गुडघ्याखाली काढावा लागला होता, ते त्याने दवाखान्यात राहून पाहिलं होतं. तो मनाने वाईट नाही, घाबरलेला होता. त्या वर्षी येळवशीला मी गावी होते. आमच्याकडे मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं गाव शेतात जेवतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभं करतात, दाणे आणि पालेभाज्यांची भज्जी, आंबील, गव्हाची खीर असते, आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीत बसवतात. त्या दिवशी शिवारात कुणाला उपाशी जाऊ देत नाहीत. चुलतीच्या पत्रावळीवर आईने खीर वाढली. मुलाने ती पत्रावळीवरून उचलून आपल्या पत्रावळीवर ओतली.

“आई, तुला चालत न्हाय,” तो म्हणाला.

“बरं,” चुलती म्हणाली आणि भाकरी मोडली.

संक्रांतीला तसंच झालं. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. चुलतीला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, तुमाला चालत न्हाय न्हवं, नुसतंच गोड बोला. त्या काळजीनेच बोलत होत्या. चुलती गोडच बोलली.

त्यानंतरच्या शिबिरापासून आईचे आकडे सुधारू लागले.

पाणी प्यायल्यानंतरच्या दोन तासांनी तिची साखर सीमेच्या बरीच खाली आली. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. अभ्यासवाल्यांच्या हिशोबात ती परत खाली आलेल्या थोड्या माणसांमध्ये गेली. शिबिरात सिस्टरने तिला उभं करून बाकीच्या बायकांना सांगितलं की पाहा, यांना जमलं. बायकांनी आईला घेरलं. काय खाता? मेथ्या भिजवता का? शेवग्याचा पाला?

“म्या काय बी करत न्हाय,” आई म्हणाली.

यावर कुणी विश्वास ठेवला नाही. आमच्या गल्लीतली एक बाई आई काय करते ते पाहायला चार सकाळी ओट्यावर येऊन बसली. तिला आई अंगण झाडताना, दूध तापवताना आणि चहात बऱ्यापैकी साखर घालताना दिसली. ती बाई म्हणाली, “लपवून करती.”

आईने मात्र अहवालावर विश्वास ठेवला. संध्याकाळी मारुतीपर्यंत चालून यायची, ते तिने सोडलं. येळवशीला दोनदा खीर घेतली. मी काही बोलले तर म्हणायची, “रिपोर्ट चांगला हाय की.”

पण त्याच सुमाराला तिच्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. खुरपताना पायाच्या अंगठ्याला लागलेलं लवकर भरेना. रात्री पाण्यासाठी उठावं लागे. वय झालं, असं ती म्हणायची. मी सोलापूरला एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, साखरेसारखं वाटतं, पण अहवाल पाहिला तर ते म्हणता येत नाही. अहवाल खरा की पाय खरे, हे कुणाला सांगता येत नव्हतं. अहवाल चुकीचा असेल तर रोज एक दिवस वाया जात होता. तो बरोबर असेल तर आईला दुसरंच काहीतरी झालेलं होतं.

हा प्रश्न अभ्यासातल्या डॉक्टरबाईंनाही पडला होता, पण वेगळ्या बाजूने. एका दुपारी त्या सिस्टरला घेऊन आमच्या घरी आल्या. मी सुट्टीवर होते. आईने त्यांना बाजेवर बसवलं आणि चहा ठेवला. त्यांनी बिनसाखरेचा मागितला. आई म्हणाली, “तुमाला बी हाय का?” त्या म्हणाल्या, नाही, सवय आहे.

मग त्या बोलल्या. आईची उपाशीपोटीची साखर दरवर्षी थोडी थोडी चढत होती. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणीही चढत होती. फक्त पाणी प्यायल्यानंतरची साखर उतरली होती. तिन्ही आकड्यांनी एका दिशेने जायला हवं होतं. दोन एकीकडे गेले आणि एक दुसरीकडे. प्रयोगशाळेत नमुने बदलले का, हे त्यांनी आधी तपासून पाहिलं होतं. बदलले नव्हते.

“मावशी, आदल्या रात्री काय खाल्लं होतं?”

“भाकरी, डाळ, शेंगाची चटणी.”

“सकाळी काहीच नाही?”

“च्या सुदिक न्हाय.”

“ते गोड पाणी प्यायल्यावर उलटी होते का? पुष्कळांना होते. सांगायला लाजू नका.”

“न्हाय. मला पचतंय.”

“सगळं पिता?”

“माझ्या वाट्याचं सगळं पिते.”

डॉक्टरबाईंनी मान वर केली. “वाट्याचं म्हणजे?”

आईने भिंतीतल्या दाराकडे पाहिलं. चुलती तिथे येऊन उभी होती, हातात सूप होतं आणि सुपात निवडायची तूर.

“अर्धं हिला देते,” आई म्हणाली.

सिस्टरने डोळे मिटून घेतले. सतरंजीवर बायका दाटीने बसत, आणि पेले देऊन त्या पुढच्या रांगेकडे वळत. आई घरून पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र घेऊन जायची. अर्धं पाणी ती फुलपात्रात ओतायची. तहान लागली म्हणून शेजारी पाणी देते आहे, असंच कुणालाही वाटलं असतं.

“का दिलं, मावशी?” डॉक्टरबाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता.

आईला हा प्रश्नच उलटा वाटला असावा. “तुमी दोघींचं बी रक्त काढता. मला अशक्तपणा येऊ नये म्हणून गोड पाणी देता आन् हिला कोरडीच बसवता. पयल्यांदा वाटलं, इसरला असाल. सिस्टरला इचारलं तर म्हणाल्या, त्यांना नाही द्यायचं. का न्हाय द्यायचं? हिचं काय रक्त न्हाय?”

“म्या मागितलं न्हवतं, बाई,” चुलती दारातून म्हणाली.

“मागितलं न्हवतंस. नगं बी म्हणाली न्हाईस.”

“वर्सातनं एकदा मिळतंय. कशाला नगं म्हणू?”

हे ऐकून सिस्टर म्हणाल्या की पाणी कशासाठी आहे ते दरवर्षी वाचून दाखवलं जातं. ते खरं होतं. मी स्वतः ते नंतर ऐकलं. वाक्यं लांब होती आणि त्यांत ‘सहनशीलता’ असा एक शब्द होता. आईने ते ऐकून घेतलं होतं आणि रक्त दिल्यावर गोड का देतात, याचा आपल्याला माहीत असलेला अर्थ लावला होता. पाहुण्याचं रक्त काढायचं म्हटल्यावर त्याला कोरडं पाठवत नाहीत.

डॉक्टरबाईंनी पुन्हा सांगितलं, आणि या वेळी वाचून नाही. “मावशी, बैलात जोर किती आहे ते बघायचंय. गाडीत दहा पोती टाकायची आणि चढावर सोडायची. तुम्ही पाच पोती खाली उतरवून ठेवलीत.”

आईने विचार केला. “आन् गाडी चढली.”

“चढली. आम्ही लिहिलं, बैल जोरदार आहे.”

चुलती सुपावर वाकली. तिचे खांदे हलत होते. आईही हसली, पण लवकर थांबली. तिने पाय पुढे घेतले आणि अंगठ्याकडे पाहिलं.

“म्हंजी माझी शुगर उतरलीच न्हवती.”

“बहुतेक नाही. परत तपासल्यावर नक्की सांगता येईल.” मग त्या चुलतीकडे वळल्या. अर्ध्या पेल्याने काही होत होतं का?

“आंग जड पडायचं, तहान लागायची,” चुलती म्हणाली. “दुसऱ्या दिशी उतरायचं.”

“हे धोक्याचं होतं.”

“व्हय,” चुलती म्हणाली. आई तिच्याकडे बघत राहिली. मला वाटतं, त्या दुपारी आईला खरं लागलं ते एवढंच. “मला कधी बोलली न्हाईस, जड पडतं म्हणून.”

“बोलले आसते तर तुमी दिलं नसतं.”

उठताना डॉक्टरबाई म्हणाल्या, परत खाली येणारी माणसं आम्हाला फार कमी सापडतात. प्रत्येकाकडून काही शिकायला मिळतं. तुम्ही त्यांतल्या एक आहात, असं मी इतके दिवस समजत होते. त्या तक्रार करत नव्हत्या, पण त्यांचं काहीतरी गेलं होतं, हे दिसत होतं. आईलाही दिसलं.

“आता माझं नाव काढणार का?”

“नाही काढणार. ते तीन आकडे बाजूला ठेवू. का ठेवले ते लिहू. बाकीचे तुमचेच आहेत.”

“पुढल्या वर्सी बी येऊ?”

“पुढच्या आठवड्यातच या.”

पुढच्या आठवड्यात मी दोघींसोबत गेले. चुलतीला बोलावलं नव्हतं, ती आली. या वेळी मंगल कार्यालय नव्हतं, अभ्यासवाल्यांची भाड्याची एक खोली होती, त्यात एक बाक. आईचं रक्त घेतलं. सिस्टरने पेला दिला आणि या वेळी समोरच उभ्या राहिल्या. आईने पेला हातात धरला आणि तोंडाला लावेना. चुलती शेजारी हात मांडीवर ठेवून बसली होती आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघत होती.

“मावशी, पाच मिनिटं,” सिस्टर म्हणाल्या.

“व्हय. पिते की.” पेला तिथेच.

डॉक्टरबाईंनी फडताळातून तसलाच दुसरा पेला काढला, माठातलं पाणी भरलं आणि चुलतीच्या हातात दिला. “आता प्या दोघी.”

दोघी प्यायल्या. आईने पेला रिकामा करून उपडा धरून दाखवला, लहान मूल औषध प्यायल्यावर दाखवतं तसा. मग जावेला विचारलं, “कसं लागलं?”

“पाणी हाय, अक्का. पाण्यावाणीच लागंल.”

आकडा सीमेच्या वर आला, आणि चांगलाच वर. पाय खरे होते. आईला मधुमेह झालेला होता. तो नक्की कधी झाला, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. वाट दिसावी म्हणून अभ्यास सुरू केलेला, आणि आईच्या वाटेतला नेमका तो भाग पुसला गेला. ग्रामीण रुग्णालयात तिच्या गोळ्या सुरू झाल्या. अंगठा भरला. मुंग्या गेल्या नाहीत, पण वाढल्याही नाहीत. संध्याकाळी दोघी मारुतीपर्यंत चालून येऊ लागल्या. डॉक्टरबाईंनी माझ्या चुलतभावाला बोलावून घेतलं आणि त्याच्याशी बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही. पुढच्या येळवशीला त्याने स्वतः एका वाटीत दोन चमचे खीर घेतली आणि चुलतीसमोर ठेवली. “एवढीच,” म्हणाला. चुलतीने त्यातला एक चमचा आईच्या पत्रावळीवर काढला.

आकडा कळला त्या दिवशी डॉक्टरबाईंनी आईला आणखी एक गोष्ट सांगितली होती. पुढच्या वर्षापासून तिला ते पाणी मिळणार नाही.

“म्हंजी आता दोघींनाबी न्हाय.”

“दोघींनाही नाही.”

“मग बराबर हाय,” आई म्हणाली.

त्यानंतरच्या शिबिरालाही मी होते. दोघींचं रक्त लवकर घेऊन झालं. टेपवाल्या मुलीने यंदाही परकर आणला नव्हता. सिस्टर म्हणाल्या, मावशी, तुम्ही आता मोकळ्या, जाऊन खाऊन घ्या. बाहेर गावाची जीप भरत होती. चुलतीने पिशवी उचलली.

“चला की, अक्का.”

“बस जरा.”

चुलती बसली. आईने पिशवीतून भाकरी काढली, अर्धी तिला दिली, आणि दोघी सतरंजीच्या कडेला खात बसल्या. पेले वाटले जात होते. समोर एक नवीन बाई आली होती, चाळिशीतली, पहिल्याच वर्षाची. तिच्या हातात पेला होता आणि शेजारी तिच्याच गावची एक म्हातारी रिकाम्या हाताने बसली होती. बाईने एक घोट घेतला, म्हातारीकडे पाहिलं, आणि पेला खाली केला.

“सगळं पी गं,” आई सतरंजीच्या या टोकावरून म्हणाली. “त्यांना देऊ नको. त्यांना आमी भाकरी देतो.”

आणि तिने आपल्या हातातल्या भाकरीचा तुकडा मोडून चुलतीकडे दिला. चुलतीने तो म्हातारीकडे सरकवला.